उस्मानिया विद्यापीठाचा भाषाप्रयोग आणि मराठी विद्यार्थी

निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेलुगू भाषक लोकसंख्येच्या निम्म्याजवळ होते आणि मराठी भाषक सुमारे एक चतुर्थांश. उर्दू ही त्यामानाने थोड्यांची मातृभाषा. परंतु दरबार, कचेरी व न्यायालय यांचा व्यवहार तिच्यातूनच चाले. अशा बहुभाषी राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली आणि २८ ऑगस्ट १९१९ रोजी त्याचे वर्ग सुरू झाले. इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवून शिक्षणाचे माध्यम मात्र उर्दू ठरविण्यात आले.

उच्च शिक्षण इंग्रजीवाचून अशक्य, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने १९१६ मध्ये मातृभाषेचा मार्ग धरून त्याला छेद दिला होताच. तोच विचार उस्मानियाने राजसत्तेच्या बळावर विज्ञानापासून कायद्यापर्यंत नेला. त्यातील दूरदृष्टीची गोष्ट ही की, वर्ग उघडण्यापूर्वीच, १९१७ मध्ये, भाषांतर विभाग स्थापन झाला आणि मौलवी अब्दुल हक यांच्याकडे त्याची सूत्रे आली. कायदा, इतिहास, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान या विषयांचे ग्रंथ उर्दूत आणण्यात आले. अरबी-फारसीच्या आधारे पारिभाषिक शब्द घडविण्यात आले.

मराठवाड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याला कायद्याच्या वर्गातील काही शब्द परके वाटण्याचे कारण नव्हते. दावा, फिर्याद, जप्ती, मुदत, वारस, वकील ही सारी मंडळी मराठीत शतकानुशतके नांदत आली आहेत. परंतु राज्यशास्त्राची आणि तत्त्वज्ञानाची नवी अरबी परिभाषा त्याला इंग्रजीइतकीच दूरची होती. मराठी वाङ्मयाच्या अध्यापनाची सोय विद्यापीठात होती, डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्यासारखे व्यासंगी प्राध्यापक हैदराबादेस लाभले. तथापि मराठी हा तेथे अभ्यासाचा विषय होता, ज्ञानाचे माध्यम नव्हते.

इतिहास विभागाचे कार्य मात्र मराठी वाचकाने कृतज्ञतेने आठवावे असे आहे. प्रा. हारून खान शेरवानी यांनी महमूद गवान आणि बहमनी राज्य यांवर मूलगामी ग्रंथ लिहिले. बहमनींचा इतिहास हा महाराष्ट्राच्याही इतिहासाचा भाग होय. पुढे १९७३-७४ मध्ये मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासाचे दोन खंड शेरवानी यांनी डॉ. पी. एम. जोशी यांच्यासह संपादित केले.

भाषेचा आणि सत्तेचा संबंध १९३८ मध्ये उघड झाला. वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी आली. विद्यार्थ्यांनी संप केला आणि अनेकांना विद्यापीठाबाहेर पडावे लागले. नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. नागपूरहून कायद्याची पदवी घेतलेले पी. व्ही. नरसिंह राव १९९१ मध्ये पंतप्रधान झाले. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनीच तेलुगूत नेली.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर उर्दू माध्यमही मागे पडले. तिच्या जागी मराठी आली नाही, तेलुगूही आली नाही. आली ती इंग्रजी. औरंगाबादेस २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि मराठवाड्यातील महाविद्यालयांचा उस्मानियाशी असलेला संबंध संपला.

उस्मानियाचा प्रयोग बहुसंख्य प्रजेच्या भाषांना डावलून झाला, हा त्याचा दोष निर्विवाद आहे. पण देशी भाषेतून कायदा आणि राज्यशास्त्र शिकविता येते, हे त्याने सिद्ध केले, हेही तितकेच खरे. आधी ग्रंथ, मग वर्ग, हा त्याचा क्रम होता. मराठीला ज्ञानभाषा म्हणताना या क्रमाचा विसर पडून चालणार नाही. ज्या भाषेच्या ग्रंथालयात कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी कायद्याचे आणि राज्यशास्त्राचे ग्रंथही हाती लागतात, तिलाच विद्यापीठात मानाचे आसन मिळते.