‘सँक्शन’ : मंजुरीही आणि निर्बंधही

‘लोन सँक्शन झाले’ असा बँकेचा निरोप आला की घरात आनंदीआनंद होतो. त्याच दिवशी इंग्रजी वृत्तपत्राच्या परराष्ट्र पानावर एखादी कंपनी ‘सँक्शन’ झाल्याचे वाचनात येते, आणि तेथे मात्र त्या कंपनीवर संकट कोसळलेले असते. शब्द एकच, एके ठिकाणी त्याचा अर्थ मंजुरी, तर दुसरीकडे दंडात्मक निर्बंध. संदर्भ न पाहता भाषांतर केले, तर ज्या कंपनीचे व्यवहार गोठवले गेले तिला ‘मान्यता मिळाली’ असे लिहिले जाण्याचा धोका असतो. म्हणूनच या शब्दाची घडण समजून घेणे उपयुक्त ठरते.

‘सँक्शन’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. पवित्र, म्हणून अनुल्लंघनीय ठरवणे, असा अर्थ असणाऱ्या ‘सँकिरे’ या धातूपासून तो आला. ‘सेंट’ म्हणजे संत आणि ‘सँक्चुअरी’ म्हणजे पवित्र स्थान किंवा अभयारण्य, हे शब्द त्याच कुळातले. रोमन कायद्यात ‘सँक्शिओ’ ही संज्ञा कायद्याच्या ज्या भागात उल्लंघनाची शिक्षा सांगितलेली असे, त्या भागासाठीही वापरली जाई. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो कायदा वा फर्मान या अर्थाने. पवित्र रोमन सम्राट सहावा चार्ल्स याने 1713 मध्ये वारसाहक्कासंबंधी काढलेले फर्मान इतिहासात ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ म्हणून ओळखले जाते. तेथे मंजुरीही नाही आणि निर्बंधही नाहीत.

पुढे या एका खोडाला दोन फांद्या फुटल्या. कायद्याला बळ मिळते ते दोन गोष्टींनी : एक, अधिकारी व्यक्तीची संमती, दुसरी, उल्लंघनास शासन. पहिल्या कल्पनेतून ‘मंजुरी’ हा अर्थ रूढ झाला, तर दुसरीतून ‘दंड’ हा. दोन्ही अर्थ वरकरणी परस्परविरोधी भासले, तरी दोहोंच्या मुळाशी ‘अधिकाराचा शिक्का’ ही एकच कल्पना आहे.

आपल्याकडे प्रशासनाच्या इंग्रजीत पहिला अर्थ पक्का रुजला. वीजदेयकावरील ‘सँक्शन्ड लोड’ म्हणजे मंजूर भार, ‘सँक्शन्ड पोस्ट’ म्हणजे मंजूर पद, ‘सँक्शन्ड प्लॅन’ म्हणजे मंजूर नकाशा. लोकसेवकावर भ्रष्टाचाराचा खटला चालवण्यापूर्वी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 19 अन्वये जी पूर्वमंजुरी लागते, तिलाही ‘सँक्शन’च म्हणतात. येथे आरोपी लोकसेवक असला, तरी ‘सँक्शन’ त्याला झालेली शिक्षा नव्हे. खटला चालवण्यास मिळालेली ती परवानगी होय.

दुसरा अर्थ विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय राजकारणाने घरोघरी पोहोचवला. 1935 मध्ये इटलीने अॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, आक्रमण केले, तेव्हा राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले. मे 1998 मधील पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर निर्बंध घातले. त्यांतील बहुतांश सप्टेंबर 2001 मध्ये उठवले गेले. 2022 मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य देशांनी रशियावर व्यापक निर्बंध लादले. गंमत अशी की, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ज्या कलम 41 च्या आधारे सुरक्षा परिषद असे निर्बंध लागू करते, त्या कलमात ‘सँक्शन’ हा शब्दच नाही. तेथे ‘मेझर्स’, म्हणजे ‘उपाययोजना’, असा सौम्य शब्द आहे.

मग वाचकाने अर्थ ओळखावा कसा? तीन खुणा उपयोगी पडतात. पहिली खूण वचनाची. निर्बंधांसाठी बहुधा ‘सँक्शन्स’ असे अनेकवचन येते. मंजुरी बहुधा एकवचनी असते. दुसरी खूण शब्दयोगी अव्ययाची. ‘सँक्शन फॉर’ किंवा ‘सँक्शन ऑफ’ असेल तर मंजुरी. ‘सँक्शन्स ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल तर निर्बंध. तिसरी खूण कर्माची, आणि क्रियापदाच्या बाबतीत ती सर्वांत महत्त्वाची. कर्ज, खर्च, रजा, नकाशा अशी गोष्ट ‘सँक्शन’ होते तेव्हा ती मंजूर होते. व्यक्ती, कंपनी किंवा देश ‘सँक्शन’ होतो तेव्हा त्याच्यावर कारवाई होते. क्रियापदाचा हा दुसरा वापर तुलनेने नवा असल्याने स्वतः लिहिताना तो टाळून ‘इम्पोज सँक्शन्स ऑन’ अशी रचना करणे श्रेयस्कर.

मंजुरीच्या अर्थालाही मर्यादा आहे, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे. कर्ज ‘सँक्शन’ होणे म्हणजे रक्कम हाती पडणे नव्हे. त्यासाठी ‘डिस्बर्समेंट’, म्हणजे वितरण, व्हावे लागते. मंजुरीपत्रातील अटी पूर्ण न झाल्यास ते अडूही शकते. तसेच इमारतीचा नकाशा ‘सँक्शन’ असला, तरी बांधकाम त्याबरहुकूम झाले, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी भोगवटा प्रमाणपत्र पाहावे लागते.

असे उभयान्वयी शब्द ही केवळ इंग्रजीची लहर नव्हे. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि नजरचूकही, हे इंग्रजीतले आणखी एक उदाहरण. मराठीत ‘परवा’ हा शब्द होऊन गेलेला दिवसही दाखवतो आणि येणारा दिवसही. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येईन’ यांत आपला कधी घोटाळा होत नाही, कारण क्रियापद वाट दाखवते. ‘सँक्शन’ वाचताना हेच काम कर्म करते. काय मंजूर झाले आणि कोणावर कारवाई झाली, एवढे पाहिले की अर्थ आपोआप उलगडतो.