आरा: रहाटापासून टर्बाइनपर्यंत

वसईच्या वाड्यांमध्ये बावखल नावाच्या लहान तळ्यातले पाणी केळीला आणि पानवेलीला पोचवणाऱ्या रहाटाचे नाव संस्कृत 'अरघट्ट', प्राकृत 'अरहट्ट' अशा पायऱ्या उतरून आले, याविषयी वाद नाही. वाद आहे तो उत्तरार्धाचा. काही जण त्यात 'घट' म्हणजे गाडगे पाहतात. परंतु गाडग्यांच्या यंत्राला संस्कृतात 'घटीयंत्र' हा वेगळा शब्द असल्यामुळे 'अर' म्हणजे चाकाचा आरा आणि 'घट्ट्' म्हणजे हलणे, घासणे ही फोड अधिक पटते. वसईवर 1534 ते 1739 अंमल गाजवणाऱ्या पोर्तुगिजांचा 'नोरा' हा शब्द अरबीतून आलेला. वसईकरांच्या तोंडी रहाटच राहिला, यावरून निदान नाव तरी आधीचे ठरते. दातेरी चाकांची जोड मात्र मध्ययुगात बाहेरून आली, हे इतिहासकार इरफान हबीब यांचे मत नुसत्या शब्दाच्या जोरावर खोडता येत नाही.

आऱ्यावर एवढा भर देण्याचे कारण विमानाच्या इंजिनात आहे. टर्बाइनच्या पात्यांवरून वाहणारा वायू त्यांच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तप्त असतो, म्हणून पात्याच्या पोटात मुळापासून टोकाकडे, म्हणजे आऱ्याच्याच दिशेने, अरुंद वाटा ठेवून त्यांतून थंड हवा खेळवतात. बाहेर जाताना ही हवा फिरण्याच्या मागच्या भिंतीकडे ढकलली जाते, त्यामुळे ती भिंत अधिक निवते आणि पुढची तापलेली राहते. आत परतताना हा क्रम उलटतो. ही ढकल म्हणजे कोरिओलिस बल. ते वाऱ्यांच्या अभ्यासातून आले असा समज आहे, आणि लाप्लासच्या अठराव्या शतकातील भरती-ओहोटीच्या समीकरणांतही ते दिसते. तथापि कोरिओलिसने 1835 मध्ये त्याचा सर्वसाधारण नियम मांडला तो पृथ्वीसाठी नव्हे, तर पाणचक्कीसारख्या फिरत्या यंत्रांसाठी.

पाणचक्कीचे चाक पाणी फिरवते आणि रहाटाचे बैल, तेव्हा हा नियम रहाटाशी कसा जोडायचा, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय गाडग्यातले पाणी चाकाच्या मानाने स्थिर असते, ते हलते फक्त पन्हळीत ओतले जाताना, आणि बैलाच्या संथ चालीला तेव्हाचे बलही नगण्य ठरते. हिशोबाची बैठक मात्र एकच, ती म्हणजे चाकावर बसून प्रवाहाकडे पाहणे. पात्यातील हवेचे गणित संगणकावर याच बैठकीतून मांडतात. त्यासाठी उपयोगी पडणारी 'सिंपल' पद्धत, जिच्यात अंदाजाने धरलेला दाब प्रवाहाच्या जागेत कल्पिलेल्या प्रत्येक चौकटीची आवक-जावक जुळेपर्यंत दुरुस्त केला जातो, ती पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या सुहास पाटणकरांनी ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासह 1972 मध्ये प्रसिद्ध केली. त्या गणितातही अंतर मोजले जाते ते आसापासून, आऱ्याच्या रेषेवर. 'अरघट्टा'चा पहिला 'अ' झिजून गेला, तरी त्याच आऱ्याचा 'र' रहाटाच्या तोंडाशी अजून उभा आहे.