चाकांवरच्या घराची ऊब : विस्तव आणि श्वास यांच्यामधल्या भिंतीचा इतिहास

#इतिहास #धागा

१/ जुनी मोटारहोम म्हटली की अनेकांच्या डोळ्यांपुढे फोक्सवॅगनची दोन रंगांची, गोल दिव्यांची बस उभी राहते. जाहिरातींनी आणि चित्रपटांनी तिला कायम समुद्रकिनारी, उन्हात उभे केले आहे. प्रत्यक्षात ही गाडी जर्मनीत जन्मली, आणि तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो. या पत्र्याच्या खोलीत थंडीची रात्र काढायची कशी, हा प्रश्न गाडीइतकाच जुना आहे. त्याला मिळालेल्या उत्तरांचा हा धागा.

२/ सुरुवात इंजिनाच्या आधीपासून करावी लागते. १९व्या शतकात इंग्लंडमधील रोमानी भटक्या कुटुंबांची घोड्याने ओढायची लाकडी घरे असत. त्यांना ‘वार्डो’ म्हणत. वार्डोमध्ये बिडाची छोटी चूल असे आणि तिचे धुराडे छतातून बाहेर जाई. हे धुराडे रस्त्याच्या कडेला येणार नाही अशा बेताने, मधल्या बाजूस ठेवत; कारण कडेच्या झाडांच्या फांद्या त्याला अडकत. बारा महिने चाकांवर राहणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : विस्तव घरात ठेवायचा असेल, तर त्याच्या धुराला घराबाहेरची वाट आधी द्यावी लागते.

३/ हौशी प्रवाशांना ही अडचण सुरुवातीला भेडसावलीच नाही. ब्रिटिश नौदलातील निवृत्त डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ‘वॉन्डरर’ नावाची घोडागाडी खास भटकंतीसाठी बांधून घेतली आणि तिच्यातून ब्रिटनचा लांबचा प्रवास केला. त्यांची ही सफर उन्हाळ्यातली होती. चाकांवरचे घर ही सुट्टीची, उन्हाळ्याची चैन आहे, हा समज पुढे बराच काळ टिकला. गाडीच्या रचनेवरही त्याचा ठसा उमटला.

४/ आता फोक्सवॅगनकडे. २३ एप्रिल १९४७ रोजी डच व्यापारी बेन पोन यांनी आपल्या वहीत एका खोक्यासारख्या गाडीचे रेखाटन केले : इंजिन मागे, चालक अगदी पुढे, मध्ये सामान. ८ मार्च १९५० रोजी तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. १९५१ साली वेस्टफालिया या कंपनीने तिच्यात बसवण्याजोगी ‘कॅम्पिंग बॉक्स’ आणली. सामान वाहणाऱ्या गाडीत आता बिछाना आणि कपाट आले. ऊब मात्र मूळ गाडीत होती तेवढीच राहिली, आणि ती फारशी नव्हती.

५/ याचे कारण इंजिनात होते. बहुतेक मोटारींचे इंजिन पाण्याने थंड केले जाते. तेच तापलेले पाणी चालकासमोरच्या छोट्या रेडिएटरमधून फिरवले, की हीटर तयार होतो. फोक्सवॅगनचे इंजिन हवेने थंड होत असे. त्यात पाणी नव्हतेच. ही साधेपणाची मोठी सोय होती : पाणी गोठून इंजिन फुटण्याची भीती नाही, गळतीची चिंता नाही. पण ज्या गुणामुळे इंजिन थंडीत टिके, त्याच गुणामुळे आत बसलेला माणूस कुडकुडे.

६/ ऊब कुठून तरी आणायलाच हवी होती. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भागच गाडी ढकलण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता वाया जाते आणि तिचा मोठा भाग एक्झॉस्टच्या नळीतून बाहेर पडतो. अभियंत्यांनी तीच उष्णता पकडायचे ठरवले. एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीभोवती पत्र्याचे वेष्टण घालायचे, मधल्या पोकळीतून हवा फिरवायची आणि ती गरम हवा आत सोडायची.

७/ ही रचना मराठी वाचकाला परकी नाही. जुन्या वाड्यांत अंघोळीचे पाणी तापवणारा तांब्याचा बंब आठवावा. मधोमध उभी नळी, तिच्यात निखारे; नळीभोवती पाणी. विस्तव पाण्याला तापवतो, पण राख पाण्यात उतरत नाही. दोघांच्या मधे तांब्याची एक पातळ भिंत असते. फोक्सवॅगनच्या हीटरमध्ये निखाऱ्यांच्या जागी धूर होता, पाण्याच्या जागी हवा, आणि तांब्याच्या जागी पोलाद.

८/ सुरुवातीच्या गाड्यांत आत येणारी हवा आधी सिलिंडरांवरून फिरून येत असे. त्यामुळे इंजिनाच्या तेलाचा वास आत शिरे. १९६२-६३च्या सुमारास नवी रचना आली आणि पंख्याकडून येणारी ताजी हवा थेट उष्णता-वेष्टणांत जाऊ लागली. वास गेला, पण अंतर कायम होते. इंजिन अगदी मागे, चालक अगदी पुढे. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या लांब नळीत हवा वाटेतच निवे. पुढच्या काचेवरचे दव आतून पुसण्यासाठी फडके हाताशी ठेवणे भाग पडे.

९/ खरा धोका गारठ्याचा नव्हता. तो त्या पोलादी भिंतीत होता. रस्त्यावरचे पाणी, बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ आणि सततचे तापणे-निवणे यांनी पत्रा गंजतो, सांधे फाटतात. बंबाची नळी फुटली तर पाणी गढूळ होते आणि लगेच दिसते. इथे भिंत फाटली तर एक्झॉस्टचा वायू गरम हवेबरोबर आत येतो, आणि त्यातला सर्वांत घातक घटक दिसत नाही.

१०/ तो घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवते. डोके दुखते, मळमळते, झापड येते. आणि दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाला ही लक्षणे थकव्याचीच वाटतात. झोपलेल्या माणसाला तर काहीच वाटत नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये, हा घरोघरीचा धडा चाकांवरच्या खोलीलाही तंतोतंत लागू पडतो.

११/ दुसरी अडचण साधी होती. इंजिन बंद, तर ऊबही बंद. आणि झोपायचे म्हणजे इंजिन बंद करायचे. यावर उत्तर दिले ते इंजिनापासून स्वतंत्र चालणाऱ्या हीटरने. या क्षेत्रातली दोन मोठी जर्मन नावे एकाच गावातली आहेत, हा इतिहासातला गमतीचा योग. एबरश्पेशर ही कंपनी १८६५ साली नेकार नदीकाठच्या एसलिंगन गावात पत्राकामाच्या कारखान्यातून उभी राहिली. वेबास्टोची स्थापना त्याच एसलिंगनमध्ये १९०१ साली झाली. पुढे ती म्युनिकजवळच्या श्टॉकडॉर्फला गेली. पत्रा वाकवण्याचे कसब चाकांवरच्या घराला ऊब देण्याच्या कामी आले.

१२/ फोक्सवॅगन बसमध्ये पर्याय म्हणून एबरश्पेशरचा पेट्रोल हीटर मिळू लागला. गाडीच्याच टाकीतून थोडे पेट्रोल घ्यायचे, छोट्या बंद कक्षात जाळायचे, आणि पंख्याने खेळवलेली हवा त्या कक्षाच्या बाहेरून फिरवून आत सोडायची. इथे दोन प्रवाह पूर्ण वेगळे असतात. जळणासाठीची हवा बाहेरून येते आणि धूर होऊन बाहेर जाते. श्वासाची हवा फक्त तापून परतते. वार्डोच्या धुराड्यामागचे शहाणपणच इथे हातात मावेल एवढ्या नळीत उतरले होते.

१३/ तिसरा मार्ग गॅसचा. फिलिप क्राइस यांनी १९४९ साली म्युनिकमध्ये ‘ट्रुमा’ कंपनी काढली. आरंभ गॅसच्या दिव्यांपासून झाला. १९६१ साली ट्रुमाने कॅराव्हॅनसाठी ‘ट्रुमाटिक’ हा धूर बाहेर सोडणारा गॅस हीटर बाजारात आणला. युरोपातील कॅराव्हॅनना त्याने हिवाळा मोकळा करून दिला. बर्फात घसरगुंडी खेळायला जाणारी कुटुंबे चाकांवरचे घर सोबत नेऊ लागली.

१४/ गॅसने एक नवे गणित शिकवले. सिलिंडरमधला द्रव वायू झाला, तरच ज्योत पेटते. ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सिअस आहे, तर प्रोपेनचा उणे ४२ अंश. म्हणजे पारा शून्याखाली गेला की ब्युटेनची भरलेली टाकीही रिकाम्यासारखी वागते. भारतातील स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये हे दोन्ही वायू मिसळलेले असतात. युरोपातील हिवाळी प्रवाशाला मात्र प्रोपेनच लागतो. शिवाय प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. गळाला तर तो जमिनीलगत साचतो. म्हणूनच गॅसच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवतात. नव्या लाद्या बसवताना ते बुजवणारा माणूस नकळत सुरुंग पेरत असतो.

१५/ उघडी ज्योत आणखी एक गोष्ट आत सोडते, ती म्हणजे पाणी. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. स्वयंपाकाच्या शेगडीवरच खोली तापवली, तर ही सारी वाफ आतच राहते. त्यात झोपलेल्यांच्या श्वासाची भर पडते. ती थंड पत्र्यावर जाऊन थिजते, अस्तरामागे ओघळते आणि गाडीला आतून गंजवते. जुन्या गाड्यांत पत्र्यामागे भरलेली काचलोकर एकदा भिजली की वाळता वाळत नाही. अशा अनेक गाड्या बाहेरच्या पावसापेक्षा आतल्या दवाने अधिक खाल्ल्या आहेत.

१६/ म्हणून उष्णता निर्माण करण्याइतकेच ती टिकवणेही महत्त्वाचे ठरले. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात जीएमसी मोटारहोम बनवली. तिच्या ॲल्युमिनियम आणि फायबरग्लासच्या सांगाड्यात आतून पॉलियुरेथेनचा फेस फवारलेला असे. मालवाहू गाडीत घर बसवण्याऐवजी घर म्हणूनच गाडी आखली, की भिंतींचा विचार आधी होतो. फोक्सवॅगनच्या उचलायच्या छताला मात्र बाजूंनी कापडच होते. उन्हाळ्यात ती मोठी मौज होती. हिवाळ्यात सारी ऊब त्याच वाटेने निघून जाई.

१७/ १९८२ साली फोक्सवॅगनने आपल्या बसच्या पेट्रोल इंजिनालाही पाण्याची जोड दिली. बत्तीस वर्षांचा हवेचा कारभार जर्मनीत संपत आला. आता तापलेले पाणी चालकापर्यंत पोहोचू लागले. धूर आणि श्वास यांच्यामधे पाण्याचा एक जादा पहारा बसला. जुन्या गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. त्यांचे मालक बदलले, वय वाढले आणि किमतीही वाढल्या. आज प्रश्न पडतो तो या गाड्यांसमोर.

१८/ आज अशा गाडीत बहुधा छोटा डिझेल हीटर बसवतात. दोन किलोवॉटचा हीटर पूर्ण क्षमतेवर तासाला सुमारे पाव लिटर इंधन घेतो. पेट्रोल गाडीत त्यासाठी वेगळी टाकी लागते, किंवा पेट्रोलवर चालणारा प्रकार निवडावा लागतो. त्याचे तत्त्व १२व्या भागात सांगितले तेच आहे. यंत्र चांगले असूनही चूक होते ती बसवण्यात : धुराची नळी गाडीच्या पोटाखालीच संपते, जोड सैल राहतो, किंवा हवा ओढणारे तोंड धुराच्या तोंडाशेजारी येते. मग कारखान्यात पक्की केलेली भिंत घरच्या घरी पाडली जाते.

१९/ विजेने काम भागेल, असे अनेकांना वाटते. हिशेब पाहावा. १,५०० वॉटचा हीटर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२५ अँपिअर ओढतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी पाऊण तासाच्या आसपास संपते. रात्र दहा तासांची असते. लिथियम बॅटरीला शून्याखाली भारित करता येत नाही, म्हणजे ऊब देणाऱ्या बॅटरीलाच आधी ऊब द्यावी लागते. डिझेल हीटरला पेटताना सुमारे दहा अँपिअर लागतात, पण नंतर पंख्यापुरती थोडीच वीज पुरते.

२०/ कायद्यानेही हा धडा हळूहळूच घेतला. वाहनांतील हीटिंगविषयीचा युरोपीय संघाचा एक निर्देश २००१ साली आला. जुन्या गाड्यांची जबाबदारी मुख्यतः मालकाच्या दक्षतेवर राहते. दुसरीकडे जर्मनीत १९९७पासून तीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ऐतिहासिक वाहनाची खास पाटी मिळते. त्यामुळे मालक दुहेरी ओढाताणीत सापडतो : वारसा जपायचा तर जुने भाग ठेवावे लागतात, आणि सुरक्षित झोपायचे तर त्यातले काही बदलावे लागतात.

२१/ इतिहास या ओढाताणीतून एक क्रम सुचवतो. आधी एक्झॉस्टभोवतीची उष्णता-वेष्टणे तपासावीत आणि गंजली असतील तर बदलावीत. मग गॅसच्या नळ्या आणि हवेची भोके पाहावीत. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र झोपण्याच्या जागेजवळ बसवावे. ते मूळ गाडीत नव्हते म्हणून वारशाला बाधा येत नाही. त्यानंतर भिंतींचे अस्तर, मग हीटर, आणि पडदे, रंग, लाकूडकाम सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात अनेक गाड्यांत हा क्रम नेमका उलटा लागतो, कारण पडदे दिसतात आणि वेष्टणे गाडीच्या पोटाखाली असतात.

२२/ वार्डोच्या बिडाच्या चुलीपासून आजच्या डिझेल हीटरपर्यंत इंधन अनेकदा बदलले : लाकूड, पेट्रोल, प्रोपेन, डिझेल. पण प्रत्येक पिढीचे यश आणि अपयश एकाच मोजमापाने ठरले : विस्तव आणि श्वास यांच्यामधली भिंत किती शाबूत राहिली. जुनी गाडी नव्याने उभी करणाऱ्याने पहिला रुपया खर्चावा तो या भिंतीवर.