बायोडेटा, नोकरीचा (वऱ्हाड)

नोकरी मागणाऱ्याने आपले शिक्षण, अनुभव आणि हवे असलेले काम सांगण्यासाठी तयार केलेला एक-दोन पानी कागद. रेझ्युमे, सीव्ही ही त्याचीच नावे. अमरावती-अकोल्यात बोलताना 'बायोडेटा' हेच चालते आणि लग्नाच्या स्थळासाठी फिरणाऱ्या कागदालाही तेच नाव आहे. ही नोंद मुख्यतः या दोन जिल्ह्यांपुरती असून तिचा भर एक निश्चित काम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या बायोडेटावर आहे. असा बायोडेटा येथे कमी आढळतो. त्याची कारणे पुढे आली आहेत.

पूर्वपीठिका : लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला लिहिलेले पत्र या प्रकाराचा आद्य नमुना मानतात. त्यात पूल, तोफा, वेढ्याची यंत्रे आधी येतात आणि चित्रकला अगदी शेवटी. काम देणारा सत्ताधीश लढाईच्या चिंतेत आहे, हे ओळखून केलेली ही मांडणी आहे.

वऱ्हाडाची वाट मात्र वेगळी. अमरावती-अकोल्याचा हा प्रदेश १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सरकारे बदलली तरी शिकलेल्या मुलाची नजर कचेरीवरून हटली नाही. कचेरी बायोडेटा मागत नाही, छापील नमुन्यातला अर्ज मागते. येथील बायोडेटा त्या अर्जाच्या साच्यातच वाढला.

सेवायोजन कार्यालय व व्यवसाय संकेतांक : दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये देशात सेवायोजन कार्यालये सुरू झाली; पुढे ती सर्वांना खुली झाली. सेवायोजन कार्यालये (रिक्त पदे कळविण्याची सक्ती) अधिनियम, १९५९ नुसार सार्वजनिक क्षेत्रातील सर्व आणि खासगी क्षेत्रातील २५ वा अधिक कामगारांच्या बिगरशेती आस्थापनांना रिक्त पदे कळवणे बंधनकारक झाले. सक्ती कळवण्यापुरती होती. त्या यादीतलाच उमेदवार घ्यावा, असे कायद्यात नव्हते.

या कार्यालयांच्या नोंदणीत आजच्या बायोडेटात हरवलेली एक गोष्ट होती. प्रत्येक उमेदवाराला राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातील एक संकेतांक दिला जाई. हे वर्गीकरण १९५८ मध्ये निघाले. १९६८, २००४ आणि २०१५ मध्ये सुधारले गेले. शेवटच्या आवृत्तीत संकेतांक आठ अंकी आहे. टंकलेखक, जोडारी, तारतंत्री, परिचारिका असे कामाचे नाव नोंदणीच्या दिवशीच ठरे आणि मागणी आली की त्या संकेतांकाची कार्डे बाहेर निघत. 'आपल्याला कोणते काम येते' हा प्रश्न टाळण्याची सोय नव्हती. मात्र नुसत्या मॅट्रिक वा कला शाखेच्या पदवीधराला कोणताच व्यवसाय लावता येत नसे. अशांसाठी १९६८ च्या वर्गीकरणात 'एक्स' हा स्वतंत्र विभाग होता. 'कोणतेही काम करण्याची तयारी आहे' हे बायोडेटातले नेहमीचे वाक्य या 'एक्स' विभागाचेच वारस म्हणावे लागेल.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विश्वेश्वर राव प्रकरणात, सेवायोजन कार्यालयाच्या यादीबरोबरच वृत्तपत्रांतून जाहिरात देऊन येणाऱ्या उमेदवारांचाही विचार करावा, असे सांगितले. यामुळे कार्डाचे महत्त्व उतरले आणि अर्ज व त्याला जोडलेला बायोडेटा थेट पाठवण्याची रीत वाढली. संकेतांक गेला, त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

शासकीय अर्जाची छाप : अमरावतीच्या राजकमल चौकाजवळ किंवा अकोल्याच्या जठारपेठेत झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात जो तयार नमुना मिळतो, त्यात पहिले आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असते, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावर तसेच छापलेले असते. त्याखाली जन्मतारीख, जात-प्रवर्ग, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता. शिक्षणाचा तक्ता दहावीपासून सुरू होतो, त्यामुळे पदव्युत्तर पदवी शेवटच्या ओळीत जाते. मग एमएस-सीआयटी आणि मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट असे टंकलेखन, मग छंद. शेवटी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' हे प्रतिज्ञापन, स्थळ, दिनांक, सही. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला यातील बहुतेक रकाने खरोखरच लागतात. खासगी कंपनीला त्यातले निम्मेही लागत नाहीत, पण दुकानातली फाईल एकच असते.

याच फाईलमध्ये 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' नावाची इंग्रजी ओळ वरच्या बाजूला अलीकडे आली आहे. नामांकित संस्थेत काम करून स्वतःचा आणि संस्थेचा विकास साधण्याची इच्छा, असा तिचा आशय असतो. ती अभियंता, लेखापाल आणि औषधनिर्माता या तिघांच्याही कागदावर शब्दशः सारखी आढळते. ध्येय सांगण्यासाठीच असलेली ओळ कोणतेच ध्येय सांगत नाही, आणि हा दोष उमेदवाराचा जितका, तितकाच नमुना फिरवणाऱ्यांचा आहे.

शासनाने २०१५ मध्ये स्वयंसाक्षांकन मान्य केल्यानंतरही राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्याचे संच जोडण्याची सवय पूर्णपणे गेलेली नाही.

कृषी पदवीधर : निश्चित रोखाचा बायोडेटा म्हणजे काय, हे या गटात सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून त्याची दखल विस्ताराने घेतली आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना १९६९) अकोल्यात आहे. महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ म्हणजे महाबीज (१९७६) याचे मुख्यालय अकोल्यात आहे. राज्य बियाणे प्रमाणीकरण यंत्रणेचे मुख्यालयही तेथेच. एका शहरात शिक्षण, बीजोत्पादन आणि प्रमाणीकरण एकत्र असण्याचा असा योग सहसा आढळत नाही.

कृषी पदवी चार वर्षांची, आठ सत्रांची. शेवटच्या वर्षात विद्यार्थी एक सत्र ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी (रावे) गावात काढतो आणि दुसरे अनुभवाधारित प्रशिक्षणात. बायोडेटात याची एकच ओळ येते : 'रावे पूर्ण, अमुक गाव.' ही ओळ कोणालाच काही सांगत नाही. तीच माहिती बियाणे कंपनीसाठी लिहायची तर सोयाबीनच्या बीजोत्पादन प्लॉटवर केलेले काम पुढे यावे : दोन वाणांमधले ३ मीटर विलगीकरण अंतर तपासले का, फुलोऱ्यात भेसळीची झाडे उपटली का, मळणीनंतर उगवणशक्तीची चाचणी घेतली का. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. हा आकडा ज्याच्या कागदावर आपल्या चाचणीच्या निकालासह येतो, त्याला मुलाखतीत पुढचा प्रश्न कामाचा विचारला जातो. विद्यापीठाच्या अमरावती येथील प्रादेशिक संशोधन केंद्राने सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा यांसारखे वाण दिले आहेत. या केंद्राच्या प्रक्षेत्रावर काम केलेल्याने वाणाचे नाव लिहिणे हे 'पिकांचे ज्ञान' या शब्दांपेक्षा केव्हाही बरे.

खते-कीटकनाशकांच्या विक्रीची नोकरी हवी असल्यास याच विद्यार्थ्याने प्लॉट मागे ठेवावा. कोणत्या तालुक्यांतील कृषी सेवा केंद्रांशी ओळख आहे, दुचाकी व परवाना आहे का, कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यांचे प्रात्यक्षिक किती शेतकऱ्यांपुढे दिले, हे आधी यावे. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासारख्या ठिकाणी गटसभा, सातबारा-आठअ वाचता येणे आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची माहिती यांना वजन आहे. विद्यापीठातील वरिष्ठ संशोधन सहायकाच्या कंत्राटी पदासाठी प्रबंधाचा विषय, वापरलेली सांख्यिकी पद्धत आणि प्रसिद्ध झालेले लेख वर यावेत. चार वाटा, चार कागद; मूळ अनुभव मात्र एकच. एकाच कागदात चारही वाटा कोंबल्या की वाचणारा पहिल्या अर्ध्या पानावरच थांबतो.

लोकसेवा आयोगाची कृषी सेवा आणि बँकांमधील कृषी क्षेत्र अधिकारी ही पदे स्पर्धा परीक्षेने भरली जातात. तेथे निवड बायोडेटावर होत नाही. अमरावतीच्या गाडगेनगरातील अभ्यासिकांमध्ये तीन-चार वर्षे काढणाऱ्या मुलाने बायोडेटा लिहिलेलाच नसतो, आणि खासगी नोकरीकडे वळताना त्या वर्षांचे काय लिहायचे, हा त्याचा खरा पेच असतो. वर्षे लपवू नयेत. कोणत्या परीक्षेची कितवी पायरी पार केली, ते एका ओळीत लिहावे.

क्रीडा : अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे (१९१४) शारीरिक शिक्षणाचे पदवीधर येथे मोठ्या संख्येने आहेत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी आवश्यक असते. बायोडेटात स्पर्धेचे नाव, स्तर व वर्ष प्रमाणपत्राप्रमाणेच असावे.

अभियांत्रिकी : अमरावतीचे शासकीय महाविद्यालय १९६४ चे; बडनेरा व शेगाव येथील महाविद्यालये १९८३ ची. अमरावती विद्यापीठही १९८३ चे. येथील अभियंत्यांचे बायोडेटे बहुधा पुण्याकडे जातात.

वस्त्रोद्योग : 'नांदगाव पेठ औद्योगिक वसाहत' ही नोंद पाहावी.

भाषा : खासगी नोकरीचा कागद इंग्रजीत आणि शाळा, सहकारी संस्था, पतसंस्था यांच्यासाठी मराठीत, अशी विभागणी दिसते. इंग्रजी कागद दुकानदाराने लिहिलेला आणि उमेदवाराला मोठ्याने वाचता न येणारा असेल, तर तो मुलाखतीत उलटतो. पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत वऱ्हाडी बोलीमुळे अडचण येते का, यावर दोन्ही बाजूंनी सांगणारे आहेत.

मतभेद : प्रवर्ग, जात, वैवाहिक स्थिती हे रकाने खासगी बायोडेटात असावेत की नाहीत, याविषयी एकमत नाही. वऱ्हाडातील उमेदवारांना शासकीय नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळाला का, हा १९५३ च्या नागपूर करारापासूनचा प्रश्न या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.

सद्यःस्थिती : जिल्हा सेवायोजन कार्यालयाचे काम आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र पाहते, नोंदणी महास्वयम संकेतस्थळावर होते आणि रोजगार मेळाव्याला येताना बायोडेटाच्या प्रती आणण्यास सांगितले जाते. १९५९ चा अधिनियम सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आला आहे. संहितेत सेवायोजन कार्यालयाच्या जागी 'करिअर सेंटर' आले असून, पदे कळवण्याच्या सक्तीची मर्यादा २५ ऐवजी २० कर्मचाऱ्यांवर आणली आहे.