शेजारघर आणि वसतिगृह : धाराशिवमधील समुदायकार्याचा पूर्वेतिहास

शहराच्या दाट, गरीब वस्तीत मुक्काम ठोकून तेथील माणसांबरोबर काम करायचे, मुलांच्या अभ्यासाला जागा आणि आधार मिळवून द्यायचा, प्रौढांना अक्षरओळख करून द्यायची आणि पाण्याच्या नळापासून रेशनकार्डापर्यंतच्या प्रश्नांवर त्या माणसांनाच एकत्र आणायचे, या कामाला आज ‘समुदाय विकास’ असे जरा जड नाव मिळाले आहे. हा व्यवसाय महानगराचे अपत्य होय. गिरण्या, गोद्या आणि चाळी नसत्या तर तो उभा राहण्याचे कारण नव्हते. त्यामुळे ज्या जिल्ह्यात गिरणगाव कधी नव्हते आणि ज्याच्या मुख्य ठिकाणाला विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रेल्वेही लाभली नव्हती, त्या धाराशिवच्या इतिहासात या व्यवसायाचे धागे शोधणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. प्रत्यक्षात मुंबईच्या परळ आणि नागपाडा या दोन भागांतून निघालेल्या वाटा या जिल्ह्यात वारंवार येऊन पोहोचल्या आहेत. मात्र मुंबईतील कामाने जी गोष्ट न बोलता गृहीत धरली होती, म्हणजे माणसे एका जागी खेटून राहतात आणि उद्याही तेथेच सापडतील, ती येथे खरी नव्हती. म्हणूनच मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आला की घराशेजारी खोली उघडण्याचे काम येथे मुलाला छप्पर आणि जेवण देण्याच्या कामात बदलत गेले.

या परंपरेचा पाश्चात्त्य उगम लंडनच्या पूर्व भागात १८८४ मध्ये सुरू झालेल्या टॉयन्बी हॉलमध्ये आणि १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स यांनी शिकागोत उघडलेल्या हल हाऊसमध्ये सांगितला जातो. सुशिक्षितांनी गरिबांना अधूनमधून भेट न देता त्यांच्या शेजारी राहायला जावे, ही त्यामागची कल्पना होती, आणि अशा वास्तूला मराठीत ‘शेजारघर’ म्हणता येईल. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाडा नेबरहूड हाऊस स्थापन केले, ते याच धर्तीवर. भायखळ्याला लागून असलेल्या या भागात मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती आणि हिंदू अशी सरमिसळ वस्ती होती, आणि मिशनच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने तेथे धर्मांतराऐवजी वाचनालय, बालवर्ग, दवाखाना आणि खेळ यांवर भर द्यावा, हे त्या काळाच्या मानाने धाडसाचेच होते. (नागपाड्यातील बास्केटबॉलची कीर्ती याच अंगणातून निघाली.) काम वाढले तसे प्रशिक्षित कार्यकर्त्यांची उणीव जाणवू लागली, तेव्हा मॅन्शार्ट यांच्याच पुढाकाराने आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने १९३६ मध्ये समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. त्याचे पहिले वर्ग नागपाड्याच्या या वास्तूतच भरत, आणि पुढे तेच टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आले.

परंतु धाराशिवकडे येणारी पहिली वाट नागपाड्याच्याही आधीची, परळची आहे. भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि गिरणी कामगारांच्या वस्तीत रात्रशाळा, वाचनालये आणि फिरत्या ग्रंथपेट्या यांचे जाळे विणले. लीगच्या परळ येथील दामोदर हॉलमध्ये कामगारांच्या सभांबरोबर नाटकेही होत. कामगार चळवळीत पुढे आलेल्या याच जोशींचे खासगी चिटणीस म्हणून काही काळ काम केलेला एक तरुण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस आजारपणानंतर हिप्परग्याला शिक्षक म्हणून आला. त्याचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजेच पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झालेले हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते.

हिप्परगा (रवा) हे आज लोहारा तालुक्यात मोडणारे गाव तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. जिल्ह्याचे ठाणे १९०४ मध्ये नळदुर्गहून धाराशिवला हलले होते आणि १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्याला उस्मानाबाद म्हटले जाऊ लागले होते. मूळ नाव अधिकृतपणे परतले ते २०२३ मध्ये. संस्थानात प्राथमिकच्या पुढचे शिक्षण उर्दूतून चाले, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते, आणि खासगी शाळा काढण्यासाठी सरकारी परवानगीचा अडसर होता. अशा स्थितीत व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये, असहकाराच्या लाटेत, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी केली. गावातल्या मुलांपुरती शाळा काढून भागणारे नव्हते, कारण मराठीतून वरचे शिक्षण हवे असलेली मुले कोसाकोसांवरच्या गावांत विखुरलेली होती. परळमध्ये रात्रशाळेचा दिवा लावला की पाळी सुटलेला कामगार जिना उतरून येई. हिप्परग्याला मात्र मुलगा आणून ठेवावा लागे, त्याच्या भाकरीची सोय पाहावी लागे आणि शिक्षकालाही त्याच आवारात राहावे लागे. शेजारी राहायला जाण्याचे तत्त्व येथे उलटे झाले. स्वामीजी आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे १९३५ च्या सुमारास अंबाजोगाईच्या शाळेकडे गेले आणि हिप्परग्याचा प्रयोग थांबला. पण निजामाविरुद्धच्या १९३८ च्या सत्याग्रहात आणि त्यानंतरच्या लढ्यात जी माणसे दिसतात, त्यांतील बऱ्याच जणांची ओळख या दोन शाळांच्या ओसरीवरची आहे. इतिहासकारांनी हिप्परग्याकडे स्वातंत्र्यलढ्याची पूर्वतयारी म्हणूनच पाहिले आहे, आणि त्यात तेथील शिक्षणपद्धतीचा स्वतंत्र विचार राहून गेला, हे नोंदवायला हवे.

दामोदर हॉलपासूनच आणखी एक धागा या प्रदेशाकडे येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ च्या मार्च महिन्यात ज्या सभेत बहिष्कृत हितकारिणी सभेची कल्पना मांडली, ती सभा त्या सभागृहातच भरली होती, आणि या संस्थेने हाती घेतलेल्या अगदी पहिल्या कामांत १९२५ मध्ये सोलापूरला उघडलेले विद्यार्थी वसतिगृह होते. मुंबईत संस्था, वाचनालय, व्याख्यान. मुंबईबाहेर मात्र वसतिगृह, ही विभागणी येथेही दिसते. अस्पृश्य मुलाला गावच्या शाळेत दाराबाहेर बसावे लागत असेल आणि तालुक्याच्या गावी भाड्याने खोली मिळत नसेल, तर त्याच्या दृष्टीने शाळेपेक्षा राहण्याची जागाच आधी येते. सोलापूर तेव्हा ब्रिटिश मुलखात होते आणि संस्थानाची हद्द त्याच्या उशाशी होती. हा धागा धाराशिवपर्यंत पोहोचला तो १९४१ च्या फेब्रुवारीत : महार-मांग वतनदारांची परिषद धाराशिवजवळच्या कसबे तडवळे येथे भरली आणि बाबासाहेब तेथे आले. वतन म्हणजे गावकीच्या बिनमोल कामाच्या बदल्यात मिळणारा जमिनीचा वा बलुत्याचा वंशपरंपरागत हक्क, जो प्रत्यक्षात वेठीचाच कागद ठरत असे. बार्शी लाइट रेल्वेने जिल्ह्याचे गाव बाजूला टाकून तडवळ्याला स्थानक दिले होते, हा तपशील परिषदेचे ठिकाण समजून घ्यायला उपयोगी पडतो. बाबासाहेबांचा मुक्काम तेथील शाळेच्या इमारतीत होता, आणि ती इमारत आजही त्यामुळेच ओळखली जाते. पुढे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले, जे नंतर मिलिंद म्हणून नावारूपाला आले, तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या दलित मुलांसाठी वर्गखोल्यांइतकेच महत्त्व त्याच्या वसतिगृहांना होते.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमाने हे काम सरकारी चौकटीत आणले. त्याचा आराखडा ज्या इटावा प्रकल्पावरून घेतला गेला, त्याचे मार्गदर्शक अल्बर्ट मेयर न्यूयॉर्कचे नगररचनाकार होते, हा योगायोग गंमतीचा खरा. हा कार्यक्रम धाराशिवमध्ये आला तो गटविकास अधिकारी आणि ग्रामसेवक या पदांच्या रूपाने. विहिरी, बियाणे, रस्ते यांत तो रमला, आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर शाळाही त्यांच्याकडे गेल्या. १९७२ च्या दुष्काळाने मात्र चित्र फिरवले. मराठवाड्यातून मुंबई-पुण्याकडे निघालेल्या कुटुंबांनी झोपडवस्त्या वाढवल्या, म्हणजे शहरातील वस्ती-कार्यकर्ता ज्या मुलांना शिकवत होता त्यांतील काहींची आजोळे धाराशिव-बीडच्या माळरानावर होती.

नागपाड्याची संस्था स्वतः या माळरानावर आली ती १९८६ मध्ये. राज्य सरकारने दिलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर टाटा समाजविज्ञान संस्थेने तुळजापूरला ग्रामीण परिसर सुरू केला. ज्ञान मुंबईत आणि क्षेत्रकार्य गावात, ही समाजकार्याच्या शिक्षणातील जुनी विभागणी मोडून विद्यार्थ्यानेच दुष्काळी तालुक्यात राहावे, हा त्यामागचा हेतू होता. क्षेत्रकार्य म्हणजे वर्गातील शिक्षणाबरोबर आठवड्यातील ठरावीक दिवस गावात वा वस्तीत जाऊन केलेले काम, ज्याची रोजची नोंदवही पर्यवेक्षक तपासतो. महानगरासाठी घडवलेली ही पद्धत येथे सहज रुजली नाही : दहा बाय बाराच्या खोल्यांच्या गल्लीत एका दुपारी वीस गृहभेटी होतात, तर तुळजापूर तालुक्यात शेतवस्तीवरच्या एका घराला जाऊन यायला अर्धा दिवस मोडतो, आणि गेल्यावर घरचे सगळे रानात असतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूरच्या औसा आणि धाराशिवच्या उमरगा तालुक्यांतील गावे जमीनदोस्त केली. किल्लारी हे नाव सर्वतोमुखी झाले, तरी सास्तूरसारख्या धाराशिवच्या गावांची हानीही तितकीच भयंकर होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. पुन्हा तोच उपाय, फक्त वसतिगृह या वेळी शेकडो किलोमीटर दूर. त्याच सुमारास नागपाड्याची आणखी एक शाखा येथे पोहोचली. नागपाड्याच्या शेजारघरात काम केलेल्या शीला पटेल, प्रेमा गोपालन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये स्पार्क ही संस्था काढून भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची मोजणी, बचत आणि संघटन सुरू केले होते. गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयं शिक्षण प्रयोगाने तीच रीत भूकंपग्रस्त भागात आणली. जी घरे पडली नव्हती पण तडकली होती, त्यांची दुरुस्ती घरमालकांनीच करावी अशी सरकारी योजना होती, आणि हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतील बायकांना ‘संवाद सहायक’ नेमून ती योजना घरोघर समजावण्याचे काम देण्यात आले. कोपऱ्याचा दगड कसा बांधावा, सळई कोठे घालावी, हप्ता कधी मिळेल हे डोक्यावर पदर घेतलेली बाई ग्रामसभेत सांगू लागली. फुटपाथवरील बायकांनी शोधलेली, घराच्या प्रश्नातून बाईला सार्वजनिक जीवनात आणण्याची ही रीत येथे वसतिगृहाच्या वळणाला न जाता टिकली, याचे कारण उघड आहे : भूकंपाने घर पाडले तरी गाव जागेवर राहिले होते.

ज्यांना गावच नव्हते त्यांच्यासाठी मात्र जुनीच वाट उरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर ‘विमुक्त’ म्हणवल्या गेलेल्या पारध्यांची पाले गावाबाहेर पडत आणि चोरी झाली की पोलिसांच्या धाकाने रातोरात उठत. शेजारच्या सोलापुरात काटेरी तारांच्या आत वसवलेल्या सेटलमेंटची आठवण त्यांच्या भाऊबंदांत ताजी होती. १९९३ मध्ये तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे गिरीश प्रभुणे आणि सहकाऱ्यांनी भटके-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा सुरू केली. एका परीने तारांच्या वसाहतीनंतर त्या मुलांना मिळालेले हे आपखुशीचे कुंपण होते, आणि मूल पालातून उचलून आणल्यावर त्याचे आपल्या बोलीशी व माणसांशी नाते काय राहते, हा प्रश्न अशा प्रत्येक निवासी शाळेमागे उभा असतो.

याच प्रश्नाचे सर्वात साधे रूप कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांत दर वर्षी दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात, साखर कारखान्यांच्या हद्दीत तोडीला जातात आणि मुले बरोबर निघाली की शाळेचा पट रिकामा होतो. कारखान्याच्या तळावरच्या कोप्यांत भरणारी साखरशाळा हा शेजारघराचा वंशज म्हणावा. पण तोडणीची टोळी दर काही दिवसांनी फड बदलते आणि शाळा मागे राहते. म्हणून हंगामी वसतिगृह आले. नाव मोठे असले तरी त्याला बहुधा स्वतंत्र इमारत नसते : गावच्याच जिल्हा परिषद शाळेत सकाळ-संध्याकाळ जेवण शिजते, मूल दिवसभर शाळेत आणि रात्री आजीकडे किंवा चुलत्याकडे असते, आणि आईबाप तेवढे दूर असतात. एका खोलीत रचलेल्या पोत्यांवर तांदळाचे वजन खडूने लिहिलेले, भिंतीला हजेरीचा तक्ता, आणि जेवणाच्या घंटेला आपापली ताटली घेऊन आलेली पोरे, एवढाच त्याचा संसार असतो. मुलाला आपल्याकडे आणायचे नाही आणि त्याच्यामागे फडावरही जायचे नाही, हा या व्यवसायाच्या शंभर वर्षांतला तिसरा पर्याय कोणत्या पाठ्यपुस्तकातून आलेला दिसत नाही. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर परत येतात, जेवण बंद होते, आणि वार्षिक परीक्षेच्या आधी शिक्षक घरोघर फिरून कोण परतले याची खूण पटावर करत जातात.