गणिताची तालीम

मराठीत तालीम म्हणजे कुस्तीगिरांचा आखाडा, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. आपल्या घरांत हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. शाळकरी मुलांच्या गणित स्पर्धांचा इतिहास चाळताना आम्हाला हा शब्द वारंवार आठवला. कारण या स्पर्धा जिथे रुजल्या, तिथे आधी तालीम उभी राहिली आणि मग फड रंगला.

हंगेरीतील ग्योर या गावी दानियल अरान्य नावाच्या शिक्षकाने १८९४ मध्ये मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. त्यात उदाहरणे छापून येत, मुले टपालाने उत्तरे पाठवीत आणि अचूक उत्तरे देणाऱ्यांची नावे प्रसिद्ध होत. त्याच वर्षी त्या देशात शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांची गणित स्पर्धा सुरू झाली. आज ग्योर हे मोटारींची इंजिने बनवणारे शहर आहे. आमच्या चाकणचे भावंडच म्हणा ना!

१९५९ मध्ये रुमानियात ७ देशांनी मिळून पहिली आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड भरवली. आफ्रिकेतून अल्जीरिया तिथे प्रथम पोहोचला तो १९७७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, १९७६ मध्ये, मोरोक्कोतील रबात येथे आफ्रिकी गणितज्ञांचा संघ स्थापन झाला होता. या संघाची शाळकरी मुलांसाठीची अखिल आफ्रिकी ऑलिम्पियाड १९८७ मध्ये रबातलाच सुरू झाली.

योगायोग असा की, त्याच १९७६ साली प्रा. श्रीराम अभ्यंकर यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. ऑलिम्पियाडची तयारी करणाऱ्या कित्येक मुलांची ती तालीम ठरली. १९८३ मध्ये केंद्र सरकारचे राष्ट्रीय उच्च गणित मंडळ आले, १९८६ मध्ये राष्ट्रीय ऑलिम्पियाड सुरू झाली आणि १९८९ मध्ये भारताचा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय फडात उतरला. पुढे १९९६ मध्ये तर ही स्पर्धा मुंबईतच भरली. ७५ देशांतील ४२४ मुले आली होती.

त्या वेळी आम्ही कुठे होतो? सोलापूर, उस्मानाबाद, बीडकडून आलेली आमची माणसे पिंपरी-भोसरीच्या शेडमध्ये पाळ्या करीत होती. गणित त्यांच्या हातात होतेच. लेथवर निमुळता जॉब काढणारा टर्नर दोन टोकांच्या व्यासांतील फरकाला लांबीच्या दुपटीने भागतो आणि त्यावरून कोन ठरवतो. ही त्रिकोणमितीच की! पण हे गणित घरी येऊन मुलांच्या वहीत उतरले नाही. आम्हाला ठाऊक असलेली स्पर्धा म्हणजे चौथी-सातवीची स्कॉलरशिप. मराठी आणि उर्दू, दोन्ही माध्यमांतून ती देता येई, म्हणून ती आपली वाटे. ऑलिम्पियाड हा शब्द मात्र परका राहिला. चिंचवडहून लोकलने शिवाजीनगर पाचवे स्टेशन आणि तिथून थोडे पुढे लॉ कॉलेज रस्त्यालगत ते प्रतिष्ठान. अंतर मैलांचे नव्हतेच, माहितीचे होते.

भाषेचा बाऊ करण्याचेही कारण नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये मुलाला आपल्या भाषेत प्रश्नपत्रिका मागता येते व त्याच भाषेत उत्तर लिहिता येते. दोन दिवस, रोज साडेचार तास, तीन-तीन प्रश्न. साहित्य काय, तर पेन, कागद, पट्टी, कंपास. तेहरानच्या मरियम मिर्झाखानीने १९९४ आणि १९९५ मध्ये इथेच सुवर्णपदके मिळवली. दुसऱ्या वर्षी तर ४२ पैकी ४२ गुण! २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणारी ती जगातील पहिली स्त्री ठरली. २०१७ मध्ये ती गेली, पण मुलींना गणित झेपत नाही म्हणणाऱ्यांचे तोंड कायमचे बंद करून गेली.

प्रत्येक मूल पदक आणील असे आम्ही म्हणत नाही. भारताच्या संघात अवघी सहा मुले असतात. पण एकाच उदाहरणाशी दोन-दोन तास झुंजण्याची सवय ज्याला लागली, तो पुढे कंत्राटदाराच्या हजेरीपटावर नुसता आकडा होऊन राहणार नाही. ग्योरच्या त्या शिक्षकाने जे केले ते आपल्या मोहल्ल्यातही होऊ शकते. एक फळा, आठवड्याला एक उदाहरण आणि उत्तर देणाऱ्या मुलामुलींची नावे त्याच फळ्यावर. याला देणगी लागत नाही, परवानगी लागत नाही. लागतो तो सुट्टीच्या दिवशीचा एक तास. तो देण्याची आपली तयारी आहे का, एवढाच प्रश्न सुटायचा राहिला आहे.