जॉर्डनकडे बघू नका

२९ मार्च १९८२. न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम. एकसष्ट हजारांहून जास्त माणसं जमली आहेत आणि आता कोणीच खुर्चीला टेकलेलं नाही. तुम्हीही उभेच आहात. फलकावर जॉर्जटाउन ६२, नॉर्थ कॅरोलायना ६१. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना, शेवटचं अर्धं मिनिट. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, त्यामुळे आता काय होणार ते तुम्हाला पाठ आहे. एकोणीस वर्षांचा मायकेल जॉर्डन डाव्या बाजूने उडी घेणार, चेंडू जाळीतून जाणार आणि जग त्याचं नाव शिकणार.

तुम्ही जॉर्डनकडे बघू नका. चेंडू आत्ता ज्याच्या हातात आहे त्या जिमी ब्लॅककडे बघा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून आलेला, शेवटच्या वर्षात शिकणारा हा पॉइंट गार्ड आज काही मोठा आकडा करणार नाहीये. त्याची मान बघा. त्याची नजर रिंगणाच्या आतल्या बाजूला जाते, कारण तिथे जेम्स वर्दी उभा आहे आणि त्याने आज जॉर्जटाउनला सळो की पळो करून सोडलंय. बचावाचं सगळं वजन वर्दीकडे झुकतं. त्याच क्षणी ब्लॅक चेंडू पलीकडे, डावीकडे फेकतो. जॉर्डनच्या आसपास कोणी नाही. पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. पण चेंडू हातात आला तेव्हा जॉर्डन मोकळा होता, आणि ते मोकळेपण ब्लॅकने घडवलं होतं.

विद्यापीठाच्या गावी, चॅपल हिलमध्ये, वर्षानुवर्षं एक वाद चालतो, आणि त्यात उतरण्यासाठीच मी तुम्हाला इथे आणलंय. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा आजवरचा सर्वांत मोठा पॉइंट गार्ड कोण? जॉर्डनचा वाद कधीच मिटला, त्यात मजा उरली नाही. पॉइंट गार्डचा मात्र मिटत नाही. पंगतीत वाढणाऱ्या जाणत्या माणसासारखं हे काम आहे: कोणाचं पान रिकामं होतंय हे त्याला मागणाऱ्याच्या आधी दिसायला हवं. या विद्यापीठात तर त्या कामाला शिस्तच लावलेली आहे. प्रशिक्षक डीन स्मिथचा दंडक असा होता की बास्केट करणाऱ्याने आधी पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. टाळ्या पडतील तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या पाहिजेत.

ब्लॅकने डीन स्मिथला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. तरी या वादात त्याचं नाव पहिल्या जागेसाठी कोणी घेत नाही. ज्याचं घेतात त्याला विजेतेपद मिळालंच नाही. चला, त्याच्याकडे जाऊ.

२५ फेब्रुवारी १९७८, चॅपल हिल, कारमायकल सभागृह. हे सभागृह सुपरडोमच्या मानाने खोपटंच. दहाएक हजार माणसं दाटीवाटीने बसलेली, आवाज छताला आपटून पुन्हा अंगावर येतो. समोर ड्यूक. आठ-दहा मैलांवरचं हे विद्यापीठ, आणि त्याच्याशी असलेलं वैर जन्माचं. रॅलीजवळच्या कॅरी-मॉरिसव्हिल भागात आज अनेक मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्यातल्या एखाद्या घरात एक मूल इथे आणि दुसरं ड्यूकला असेल, तर त्या घराला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

बारा नंबरचा फिकट निळा शर्ट दिसतोय? फिल फोर्ड. याच राज्यातल्या रॉकी माउंट गावचा. आज घरच्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना. चार वर्षांपूर्वी तो आला तेव्हा पहिल्याच सामन्यापासून तो सुरुवातीच्या पाचांत होता. स्मिथने असा मान त्याआधी कोणत्याही नवख्याला दिला नव्हता. पहिल्याच हंगामात, १९७५ साली, त्याच्या संघाने अटलांटिक कोस्ट परिषदेची स्पर्धा जिंकली आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढच्या वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकचं सुवर्ण. त्या संघाचा प्रशिक्षकही स्मिथच होता.

आता त्याचा हात बघा. तो चार बोटं वर करतो आणि सभागृहात कल्लोळ होतो. ही 'फोर कॉर्नर्स'ची खूण. चार गडी अर्ध्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत जातात आणि मधल्या मोकळ्या जागेत चेंडू घेऊन फोर्ड एकटा उरतो. शॉट क्लॉक नाही. किती सेकंदांत बास्केटवर फेकायचं याला काही बंधनच नाही. संघ आघाडीवर असेल तर फोर्डने चेंडू हवा तेवढा वेळ खेळवावा. समोरच्यांनी वाट बघावी, नाहीतर त्याच्या अंगावर यावं. अंगावर आले की तो त्यांना चकवून आत घुसतो. मदतीला दुसरा धावला की त्याने सोडलेल्या गड्याला पास मिळतो. आणि धक्का दिलाच, तर फ्री थ्रो.

हे जरा वेळ बघत राहा. घाई करू नका, फोर्डलाही घाई नाही. टीव्हीवरच्या जुन्या फितींमध्ये 'फोर कॉर्नर्स' कंटाळवाणा वाटतो हे खरं आहे. पण कारमायकलमध्ये बसून तो कंटाळवाणा वाटत नाही, कारण इथे तुम्हाला बचाव करणाऱ्यांचे पाय दिसतात. ड्यूकचा हा संघ लेचापेचा नाही. याच हंगामात तो राष्ट्रीय अंतिम फेरीपर्यंत जाणार आहे. तरीही त्याचे गडी फोर्डसमोर कधी अर्धं पाऊल पुढे, कधी मागे करत राहतात. निर्णय त्यांचा नसतोच. फोर्ड ठरवतो की हे आता चुकणार, आणि ते चुकतात.

आज तो ३४ गुण करतो. तीन गुणांची रेघ अजून जन्मायची आहे, म्हणजे दुरून मारलेलाही दोनच. ८७-८३. चार वर्षांत त्याचे २,२९० गुण होतील आणि विद्यापीठाचा तो विक्रम तीस वर्षं टिकेल. २००८ च्या डिसेंबरात टायलर हॅन्सब्रो तो मोडेल. हॅन्सब्रो उंच, बास्केटखाली झुंजणारा गडी. ज्याचं काम दुसऱ्यांना गुण मिळवून देण्याचं, त्या पोराकडे तीस वर्षं गुणांचा विक्रम असावा, हे मला या विद्यापीठाच्या इतिहासातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

तुमच्या शेजारचा माणूस मात्र मान हलवतोय. तो म्हणेल, अटलांटा विसरू नका. खरं आहे. मग एक वर्ष मागे या, २८ मार्च १९७७. ओम्नी सभागृह, अंतिम सामना, समोर मार्केट विद्यापीठ. मध्यंतराला नॉर्थ कॅरोलायना बारा गुणांनी मागे. मग त्यांनी अशी उसळी घेतली की ४५-४५ झाले. आणि आता स्मिथने 'फोर कॉर्नर्स' लावला. सामना उधाणावर आलेला असताना वेग तोडला, असं त्याचे टीकाकार आजही म्हणतात. पण फोर्डच्या कोपराकडे बघा. याच स्पर्धेत आधी तो दुखावलाय, आणि ज्या हाताच्या भरवशावर ही सगळी योजना उभी आहे तो हात पूर्ण चालत नाही. वॉल्टर डेव्हिसचं बोट मोडलेलं. टॉम लागार्ड गुडघ्यामुळे खेळतच नाहीये. मार्केट ६७-५९ ने जिंकलं. फोर्डच्या खात्यातला हा पराभव मी पुसणार नाही. मात्र त्या दिवशी हरला तो अर्ध्या बळाने खेळणारा फोर्ड होता, हेही कोणी पुसू नये.

आता नियम बदलतात, आणि वादाचा कणा इथेच आहे. मार्च १९८२ च्या परिषद-अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने व्हर्जिनियाला ४७-४५ असं हरवलं. शेवटची कित्येक मिनिटं चेंडू नुसता खेळवला गेला. देशभरच्या प्रेक्षकांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि पुरे झालं असं ठरलं. १९८५-८६ च्या हंगामापासून ४५ सेकंदांचं शॉट क्लॉक आलं, पुढच्या हंगामात तीन गुणांची रेघ. पुढे ४५ चे ३५ झाले, मग ३०. फोर्डचं काम नियमानेच संपवलं. त्याच्यानंतरचे सगळे जण वेगळाच खेळ खेळले. म्हणून असिस्टचे, म्हणजे बास्केट घडवणाऱ्या पासांचे, नुसते आकडे शेजारी मांडून हा वाद मिटवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

तरी बाकीच्यांची कैफियत ऐकू. १९९३, पुन्हा सुपरडोम. मिशिगनचा ख्रिस वेबर कोपऱ्यात अडकतो आणि संघाकडे शिल्लकच नसलेला टाइमआउट मागतो. वेबरची चूक सगळे सांगतात. त्याला तिथे कोंडणाऱ्या दोघांतला एक डेरिक फेल्प्स होता, हे कमी जण सांगतात. चेंडू हिसकावण्यात विद्यापीठात त्याच्या वरचढ कोणी झाला नाही. त्यानंतर एड कोटा. १९९६ ते २००० या काळात १,०३० असिस्ट, तीनदा शेवटच्या चार संघांत, विजेतेपद एकदाही नाही. मग २००५ चं सेंट लुइस आणि रेमंड फेल्टन. इलिनॉयविरुद्ध शेवटच्या मिनिटात पास मधेच पकडून त्याने सामना सील केला. मोठी माणसं सगळी. पण इथे थांबायला आपल्याकडे वेळ नाही.

थांबायचं आहे ते सात वर्षांनी, २५ मार्च २०१२ ला, पुन्हा सेंट लुइसमध्येच. इथे तुम्ही ज्याला बघायला आलात तो खेळत नाहीये. केंडल मार्शल बाकावर बसलाय, उजवं मनगट मोडलेलं. गेल्याच आठवड्यात ग्रीन्सबरोला क्रेटनविरुद्ध तो आपटला. डावखुरा असल्यामुळे तो सामना तो जवळजवळ शेवटपर्यंत तसाच खेळला. या हंगामात त्याचे ३५१ असिस्ट आहेत, परिषदेत एका हंगामात कोणीही दिले नाहीत इतके. त्याच्या जागी स्टिलमन व्हाइट नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा आहे, वर्षभर बाकावर बसलेला. पोरगा जपून खेळतो, चेंडू घालवत नाही, त्याचं काही चुकत नाही. पण आपल्या उंच गड्यांकडे बघा. ते जागा पकडतात, हात वर करतात, आणि पास एका श्वासाने उशिरा येतो. मार्शलचा पास त्यांनी हात वर करण्याआधीच निघालेला असायचा. कॅन्सस ८०-६७ ने जिंकतं. त्या संघातले अनेक जण पुढे एनबीएत गेले, गुणवत्तेचा दुष्काळ नव्हता. पॉइंट गार्ड म्हणजे काय, हे मला आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसलं ते या सामन्यात, ज्यात तो नव्हता.

आणि आता फोर्डला खरा धोका. ६ एप्रिल २००९, डेट्रॉइट. फुटबॉलचं स्टेडियम, ७२,९२२ प्रेक्षक, समोर मिशिगन स्टेट, म्हणजे जवळजवळ सगळं घर त्यांचंच. त्यांचा मॅजिक जॉन्सन स्वतः हजर आहे. टाय लॉसन उजव्या पायाच्या अंगठ्याचं दुखणं घेऊन खेळतोय. याच अंगठ्यापायी तो परिषदेची स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धेतला पहिला सामना खेळू शकला नव्हता. परतल्यावर एलएसयूविरुद्ध त्याने दुसऱ्या अर्ध्यात २१ गुण केले. आज तुम्ही घड्याळाकडे बघा: समोरच्यांनी बास्केट केल्यावर तो चेंडू घेतो आणि बचाव मागे वळायच्या आत पलीकडच्या रिंगणात पोचलेला असतो. फोर्डने वेळ लांबवून बचाव मोडला, लॉसन वेळच देत नाही. मध्यंतराला ५५-३४. शेवटी ८९-७२. त्याचे २१ गुण, बरेचसे फ्री थ्रोवर, आणि आठ वेळा हिसकावलेला चेंडू. अंतिम सामन्यातला तो विक्रम. त्या वर्षी तो परिषदेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९७८ च्या फोर्डनंतर पॉइंट गार्डला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

डेट्रॉइटमध्ये उभं राहून बघाल तर तुम्ही लॉसनला मत द्याल, आणि मी तुम्हाला दोष देणार नाही. तरी माझं मत फोर्डलाच. लॉसनच्या बाजूला हॅन्सब्रो होता, वेन एलिंग्टन होता, डॅनी ग्रीन होता. तो थोडा वेळ थांबला तरी ते थांबत नव्हते, तो नसताना राष्ट्रीय स्पर्धेतला पहिला सामनाही त्यांनी आरामात मारला. फोर्डच्या 'फोर कॉर्नर्स'मध्ये चौघे कोपऱ्यात उभे असत आणि सामन्याचा निकाल एकाच माणसाच्या हातात मिनिटन्‌मिनिटं राही. एका प्रशिक्षकाने एका खेळाडूवर एवढा भार टाकावा आणि त्याने तो चार वर्षं पेलावा, असं दुसरं उदाहरण या विद्यापीठात नाही.

दुसरा लॉसन. तिसऱ्या जागेसाठी मी मार्शलचं नाव घेतो. त्याला दोनच हंगाम मिळाले, ही तक्रार मला मान्य आहे. तुम्हाला तिथे जोएल बेरी हवा असेल तर ३ एप्रिल २०१७ ला ग्लेंडेलला जाऊन बसा, दोन्ही घोटे दुखावलेले असताना तो गोंझागाविरुद्ध २२ गुण कसे करतो ते बघा. आदल्या वर्षीच्या हरलेल्या अंतिम सामन्यातही त्याचे २० होते. तिथे बाकावर स्टिलमन व्हाइट दिसेल, दोन वर्षं धर्मकार्यासाठी बाहेर राहून परत आलेला. मग या आणि मला सांगा, तिसरा कोण. मी मार्शलवरून हटणार नाही, पण बेरीसाठी तुम्ही भांडलात तर शेवटपर्यंत ऐकून घेईन.